घामाचे मोल कोणी ठरवायचे?

वाकोला हे मुंबईच्या उपनगरातले एक ठिकाण आहे. सांताक्रूझ स्टेशनावर उतरून पूर्वेला गेले की वाकोला लागतो. एके काळी हे साष्टी बेटावरचे लहानसे गाव होते. आता जवळच विमानतळ आहे. जवळच कलिन्याला विद्यापीठ आहे. बाजूने मोठा हमरस्ता जातो. चाळी, झोपड्या, दुकाने, लहान कारखाने आणि खाणावळी येथे दाटीने उभ्या आहेत. येथे राहणारे पुष्कळ लोक आपल्यासारखेच गावाकडून आलेले आहेत. कोणी कोकणातला, कोणी साताऱ्याकडचा, कोणी मराठवाड्यातला.

एका संध्याकाळी आम्ही तेथल्या एका खाणावळीत बसलो होतो. शेजारच्या बाकावर वाद चालला होता. एक गवंड्याच्या हाताखालचा मजूर होता. तो म्हणत होता, "मजुरी वाढवा म्हणलं की मुकादम म्हणतो, परवडत नसंल तर उद्यापास्नं येऊ नको."

खाणावळीचा मालक म्हणाला, "दादा, आमची बाजूबी ऐक. भाडं वाढलं, तेल महागलं. सरकारनं पगार वाढवले तर मी ही चार पोरं कशी ठेवू?"

कोपऱ्यात एक मावशी चहा पीत होत्या. त्या एका ठेकेदारामार्फत कचेऱ्यांची झाडलोट करीत. त्या म्हणाल्या, "सरकारनं म्हणं दर ठरवलाय. पर त्यो किती हाय, कुणी सांगंल का? मी आपली कागदावर अंगठा उठविते आन् हातावर ठेवतील तेवढं घेते."

मग तिघेही आमच्याकडे वळले. "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हीच सांगा, खरं कुणाचं?"

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हा पाठ लिहीत आहोत. हा प्रश्न वाकोल्याचा आहे तसाच गावच्या शेतमजुराचाही आहे.

किमान दर म्हणजे काय?

किमान म्हणजे कमीत कमी. मजुराला कामाबद्दल कमीत कमी इतके पैसे मिळालेच पाहिजेत, असा दर सरकार ठरवते. त्याला किमान वेतन म्हणतात. यापेक्षा जास्त द्यायला कोणाची हरकत नाही. कमी देणे मात्र गुन्हा आहे.

कोणी म्हणेल, यात सरकारने कशाला पडावे? मजूर आणि मालक आपसात दर ठरवतील. बाजारात कांद्याचा भाव ठरतो, तसाच मजुरीचाही ठरेल.

पण कांद्यात आणि मजुरीत एक फरक आहे. भाव पडला तर शेतकरी कांदा चाळीत भरून ठेवू शकतो. महिनाभराने विकू शकतो. मजुराला आजचा दिवस चाळीत भरून ठेवता येत नाही. आज काम मिळाले नाही तर आजची मजुरी गेली ती गेलीच. ज्याचे हातावर पोट आहे, तो दोन दिवससुद्धा थांबू शकत नाही. मालक मात्र थांबू शकतो. मग जो थांबू शकत नाही तो पडेल त्या दराने काम घेतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी त्याची गत होते.

शिवाय एकाने कमी दर घेतला की दुसऱ्यालाही तोच घ्यावा लागतो. दर खाली खाली जातो. तो कोठे तरी अडला पाहिजे. विहिरीच्या काठाला कठडा असतो, तसा हा किमान दर आहे. कठडा आपल्याला वर नेत नाही, पण आत पडू देत नाही.

हा कायदा कसा आला?

असा कायदा जगात प्रथम न्यूझीलंड देशात १८९४ साली झाला. पुढे १९०९ साली इंग्लंडात झाला. तेथली एक हकिकत आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

इंग्लंडात क्रॅडली हीथ नावाचे गाव आहे. तेथल्या बाया घरामागच्या पडवीत भट्टी पेटवून लोखंडी साखळ्या घडवीत. दिवसभर घण मारून मिळकत अगदी थोडी होई. १९१० साली सरकारी मंडळाने त्यांचा दर वाढवून दिला. तो पुष्कळींना जवळजवळ दुप्पट होता. मालकांनी काय केले? त्यांनी बायांपुढे एक कागद ठेवला. 'आम्ही सहा महिने हा नवा दर मागणार नाही', असे त्यावर लिहिले होते. बऱ्याच बायांना वाचता येत नव्हते. त्यांनी खूण करून दिली. कागदात काय होते ते कळल्यावर बाया संतापल्या. मेरी मॅकार्थर नावाच्या पुढारी बाईने त्यांना एकत्र केले. दहा आठवडे संप चालला. अखेर मालकांनी नवा दर मान्य केला.

आता आपल्याकडचे पाहू. मुंबईच्या उत्तरेला त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात वारली लोक राहतात. तेथल्या जमिनी सावकारांनी आणि जमीनदारांनी बळकावल्या होत्या. वारल्यांना त्यांच्याकडे वेठीने राबावे लागे. लग्नासाठी थोडे कर्ज घेतले की नवरा-बायको दोघेही सावकाराचे गडी होत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. गवत कापायचे, पण मजुरी नावाला. हेच गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जाई आणि चांगल्या भावाने विकले जाई.

१९४५ साली शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर यांनी या लोकांत काम सुरू केले. वारल्यांनी ठरवले की पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा हातात घ्यायचा नाही. ऑक्टोबर महिन्यात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मेले. तरी लोक फुटले नाहीत. पुष्कळ ठिकाणी मालकांना वाढीव दर कबूल करावा लागला. गोदावरीबाईंनी पुढे ही सारी हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. तुम्ही वाचायला शिकला आहात. हे पुस्तक मिळवून जरूर वाचा.

त्याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीच्या सरकारात मजूर खाते पाहत होते. त्यांच्या वेळी, १९४६ साली, किमान वेतनाचे विधेयक कायदेमंडळात आले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली त्याचा कायदा झाला. शेती, विडी, तांदळाच्या गिरण्या, रस्ते व बांधकाम अशा धंद्यांची यादी त्यात होती. या धंद्यांत मजूर विखुरलेले असतात. त्यांची संघटना नसते. म्हणून त्यांना आधी आधार दिला.

किती दर म्हणजे पुरे?

येथून खरा वाद सुरू होतो. किमान म्हणजे किती?

१९५७ साली दिल्लीला भारतीय श्रम परिषद भरली. तिच्यात सरकार, मालक आणि कामगार असे तिन्ही बाजूंचे लोक होते. त्यांनी मजुरीचा हिशेब बाजारभावावरून न धरता माणसाच्या गरजेवरून धरला. तो हिशेब असा.

एका मजुराच्या घरात चार माणसे धरली. मजूर म्हणजे एक पूर्ण माणूस. बायको म्हणजे एकाला थोडी कमी. दोन मुले म्हणजे प्रत्येकी अर्ध्याहून थोडे जास्त. सगळे मिळून तीन पूर्ण माणसांचे खाणे. प्रत्येकाला अंगात ताकद राहील इतके अन्न. कपड्यासाठी चौघांना मिळून वर्षाला ७२ वार कापड. राहायला लहानशी जागा. जळण, दिवाबत्ती आणि इतर किरकोळ खर्चासाठी एकूण मजुरीचा पाचवा हिस्सा.

आता हे ७२ वार आपणच मोजून पाहू. चार माणसांत वाटले तर माणशी १८ वार येतात. आपल्याकडचे लुगडे नऊवारी. दोन लुगडी घेतली की १८ वार संपले. मग चोळीचे कापड कोठून आणायचे? आणि बायकोचे जेवण नवऱ्यापेक्षा कमी का धरले? ती काय कमी राबते? म्हणजे हा हिशेब काही चैनीचा नव्हता. तरीही पुष्कळ धंद्यांत इतकाही दर मजुराला मिळाला नाही.

या हिशेबात आणखी एक उणीव होती. माणूस जेवतो आणि कपडे घालतो, तसा तो आजारीही पडतो. त्याची मुले शाळेत जातात. घरात सण येतो, लग्न निघते, म्हातारपण येते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले की शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपण यांसाठी किमान वेतनाचा चौथा हिस्सा धरला पाहिजे.

२०१९ साली केंद्र सरकारच्या एका तज्ज्ञ समितीने नव्याने हिशेब केला. अनुप सत्पथी हे तिचे अध्यक्ष होते. २०१८ सालच्या भावाने देशात रोजचा किमान दर ३७५ रुपये असावा, असे तिने सांगितले. महिन्याचे २६ दिवस धरले तर हे ९,७५० रुपये होतात. शहरात घरभाडे जास्त, म्हणून तेथे वर आणखी काही रक्कम द्यावी, असेही सांगितले. त्याआधी, २०१७ साली, केंद्र सरकारने राज्यांना सुचवलेला कमीत कमी दर रोजाला १७६ रुपये होता. दोन आकड्यांत दुपटीहून अधिक अंतर होते. समितीचा आकडा देशाचा दर म्हणून लागू झाला नाही. वाद तसाच राहिला.

मालकाची बाजू आणि मजुराची बाजू

खाणावळवाल्याचे म्हणणे आपण नीट ऐकू. तो म्हणतो, दर वाढला तर पोरे कमी करावी लागतील.

आम्ही त्याच्याबरोबर कागदावर हिशेब मांडला. समजा, चार पोरांना महिन्याला प्रत्येकी हजार रुपये वाढवले. म्हणजे चार हजार रुपये झाले. समजा, रोज २०० थाळ्या विकल्या जातात. तीस दिवसांत ६,००० थाळ्या झाल्या. चार हजार रुपये सहा हजार थाळ्यांवर वाटले तर एका थाळीमागे एक रुपयासुद्धा येत नाही.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे खरं. पण मी एक रुपया वाढवला आणि समोरच्यानं वाढवला नाही, तर गिऱ्हाईक तिकडं जाईल."

हे त्याचे म्हणणेही खोटे नाही. म्हणूनच दर सगळ्यांना सारखा लागू झाला पाहिजे. एकाने पाळायचा आणि दुसऱ्याने बुडवायचा, असे झाले तर प्रामाणिक मालक बुडतो. कायदा बुडवणारा मालक मजुराचे नुकसान करतोच, शेजारच्या चांगल्या मालकाचेही करतो.

दुसरी भीती अशी की दर वाढला तर धंदा दुसरीकडे पळेल. हे कधी कधी घडले आहे. केरळात विडी कामगारांसाठी नवा कायदा लागू होऊ लागला, तेव्हा १९६८ साली मोठ्या विडी कारखानदारांनी तेथले काम बंद केले. हजारो कामगार रस्त्यावर आले. पण कामगारांनी हात टेकले नाहीत. १९६९ साली त्यांनी सरकारच्या मदतीने 'दिनेश विडी' ही आपलीच सहकारी संस्था काढली. ती पुढे अनेक वर्षे चांगली चालली. यातून दोन गोष्टी कळतात. एकाच राज्यात दर वाढवून भागत नाही. आणि मजूर एक झाले तर वाट निघते.

तिसरा प्रश्न असा की दर वाढवला की लोकांची कामे जातातच का? अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९९२ साली किमान दर वाढवला. शेजारच्या राज्याने वाढवला नाही. दोन विद्वानांनी दोन्हीकडच्या खाणावळींतली माणसे मोजली. दर वाढला तेथे कामे कमी झालेली त्यांना आढळली नाहीत. त्या विद्वानांपैकी डेव्हिड कार्ड यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याचा अर्थ, दर कितीही वाढवला तरी काही होणार नाही, असा नव्हे. फारच एकदम वाढवला तर लहान धंद्याला तो झेपणार नाही, असे म्हणणारे विद्वानही आहेत. पण 'दर वाढला की कामे गेलीच' हे म्हणणे प्रत्येक वेळी खरे ठरत नाही.

आता शेतीचे पाहू. लहान शेतकरी म्हणतो, "माझ्या मालाला भाव नाही. मी मजुरी कुठून वाढवू?" त्याचेही दुःख खरे आहे. पुष्कळ शेतकरी दोन महिने स्वतःच्या रानात मजूर लावतात आणि उरलेले महिने दुसऱ्याकडे मजुरीला जातात. एकाच माणसाला दोन्ही बाजू ठाऊक असतात. आम्हाला असे वाटते की मालाला भाव मिळावा म्हणून शेतकऱ्याने जरूर भांडावे. पण आपली तूट मजुराच्या भाकरीतून भरून काढू नये. मजूर त्याच्याहूनही अडलेला असतो.

न्यायालयांनीही हेच सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जो धंदा मजुराला कमीत कमी वेतनही देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. १९८३ साली राजस्थानातल्या दुष्काळी कामांचा खटला आला. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना किमान दराहून कमी पैसे मिळत होते. दुष्काळात निदान काम तरी दिले, असा सरकारचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. माणूस भुकेपोटी कमी मजुरीला कबूल झाला, तरी ती वेठच होय, असा निकाल दिला. आपल्या घटनेने वेठ बंद केली आहे.

आजचा कायदा काय सांगतो?

१९४८ चा कायदा सत्तर वर्षांहून अधिक काळ चालला. आता तो नव्या 'वेतन संहिते'त सामावला आहे. ही संहिता संसदेने २०१९ साली मंजूर केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातल्या मुख्य गोष्टी अशा आहेत.

पूर्वी यादीतल्या धंद्यांनाच किमान दर लागू होता. आता यादीची अट गेली आहे.

केंद्र सरकारने एक तळाचा दर ठरवायचा आहे. कोणत्याही राज्याला त्याच्याखाली जाता येणार नाही. राज्याने आपला दर पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासायचा आहे. महाराष्ट्रात बहुतेक धंद्यांत मूळ दरावर विशेष भत्ता जोडण्याची रीत आहे. महागाईच्या आकड्यांप्रमाणे हा भत्ता सहा महिन्यांनी बदलतो. म्हणून दर विचारताना 'भत्ता धरून किती?' असे विचारावे.

बाई आणि पुरुष सारखे काम करीत असतील तर दर सारखाच.

ठरल्या तासांहून जास्त काम केले तर त्या वेळेची मजुरी दुप्पट.

रोजंदारीचे पैसे काम संपल्यावर त्याच दिवशी. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या सात तारखेच्या आत.

'मी कमी मजुरी घेईन', असे कोणी लिहून घेतले तरी त्या कागदाला किंमत नाही. अंगठा उठवला म्हणून हक्क जात नाही.

मजुरी कमी दिली असेल तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. पूर्वी ही मुदत सहाच महिने होती. दोषी मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

घरकाम करणाऱ्या बायांचा प्रश्न मात्र अजून कठीण आहे. घर हे काही दुकान किंवा कारखाना नाही, असे म्हणून त्यांना बाजूला ठेवले जाते. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नावनोंदणी आणि मदत आहे, पण भांडी घासण्याचा किंवा स्वयंपाकाचा दर त्याने ठरवून दिलेला नाही.

एक लहान वही

कायदा कागदावर असतो. तो आपल्या दारी चालत येत नाही. दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न हाच विचारतात, 'किती दिवस काम केले? किती पैसे मिळाले?' मालकाकडे हजेरीपत्रक असते. मजुराकडे काय असते?

मालकाने मजुरीची चिठ्ठी द्यावी, असे कायदा सांगतो. ती मागून घ्या. पण शेतीवर पाचांपर्यंतच मजूर लावणाऱ्या मालकावर ही सक्ती नाही. मग शेतमजुराने काय करावे? त्याने आपली वही आपणच ठेवावी. एक लहान वही पुरे. रोज चार गोष्टी लिहा: तारीख, काम कोणाकडे केले, किती तास केले आणि पैसे किती मिळाले. एवढे लिहिणे तुम्हाला आता येते.

असा फरक किती होतो, तेही वहीतच मांडून पाहा. समजा, दर रोजचा ५०० आहे आणि हातात ४०० पडतात. रोजचे १०० रुपये बुडाले. २६ दिवसांचे २,६०० झाले. वर्षाचे ३१,२०० झाले. रोज शंभर म्हटले तर माणूस सोडून देतो. वर्षाचे एकतीस हजार कोणी सोडील काय?

कागदावर सही करण्याआधी तो वाचा. कोऱ्या कागदावर सही करू नका. चारशे घेऊन पाचशेवर सही करू नका. एकट्याने जायला भीती वाटत असेल तर चार जण मिळून जा. कामगार संघटनेलाही दावा करता येतो. गावाकडे जिल्ह्याच्या कामगार कचेरीत चौकशी करावी. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे. वाकोल्याहून ते दूर नाही.

पुढे काही दिवसांनी आम्ही पुन्हा वाकोल्याला गेलो. त्या मावशी भेटल्या. पिशवीतून त्यांनी एक वही काढली. अक्षर मोठे आणि वाकडे होते, पण वाचता येत होते. अठरा दिवसांची हजेरी त्यात होती. अंगठ्याऐवजी आता त्या सही करतात. आधी कागद वाचायला मागतात, म्हणून मुकादम त्यांच्यावर चिडतो.

"चिडू दे," त्या म्हणाल्या. "वाचून झाल्याबिगर पेन हातात घेत न्हाई म्या."